एका क्वार्टरला एकच कुत्रं

शेजारच्या साहेबांनी मला फसवलं. मी माझ्या बायकोला फसवलं. या दोन व्यवहारांत मेली ती कुत्री, जिने कोणालाच फसवलं नव्हतं. एवढं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तापणार आहे आणि तापलो की माझं बोलणं लांबतं.

हे आज लिहायचं कारण असं की आमच्या मराठी मंडळाच्या मासिक अंकात गेल्या महिन्यात साहेबांचा लेख आला आहे. भोपाळच्या बरखेडा भागातल्या टाउनशिपमधले पक्षी आणि पाळीव प्राणी, अशा विषयावर. लेख गोड आहे. त्यात आंब्यावरचा हळद्या आहे, जुन्या उंबरावरची धनेशाची जोडी आहे, त्यांच्या पत्नीच्या मांडीवरचं पांढरं पामेरियन आहे. आणीबाणीबद्दल एकच वाक्य आहे. ‘ते दिवस अवघड होते, पण आम्हा पक्षिवेड्यांना त्याची झळ लागली नाही.’

आम्हा म्हणजे कोणाला? त्या टाउनशिपमध्ये दुर्बीण घेऊन तलावाच्या बांधावर बसणारी माणसं दोनच होती. एक ते आणि एक मी.

मी वर्ध्याकडचा. शिक्षण चौथी नापास. भोपाळला आलो तेव्हा कारखाना नवा होता आणि परदेशातून मशीनं येत होती. मशीनं यायची ती माणसाच्या उंचीच्या लाकडी पेट्यांतून. मशीन आत गेलं की पेटी बाहेर पडून राहायची, पावसात कुजायची. ते पाइनचं लाकूड कोणाच्या डोळ्यांत भरलं नाही, माझ्या भरलं. लिलावात पेट्या उचलायच्या, खिळे उपटून सरळ करायचे आणि त्याच लाकडाच्या खाटा, टेबलं, कपाटं करून त्याच टाउनशिपमध्ये विकायची. आजही जुन्या क्वार्टरांतल्या एखाद्या कपाटाचं दार उघडा, आतल्या बाजूला परदेशी बंदराचं नाव काळ्या शाईत दिसेल. ते कपाट माझं.

बायको टाउनशिपच्या शाळेत शिक्षिका होती आणि क्वार्टर तिच्या नावावर होतं. त्यामुळे माझी वखार हद्दीबाहेर आणि बिऱ्हाड हद्दीत. लोक मला ‘बाईंच्या क्वार्टरमधले’ म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे, तोंडावर शेठ म्हणायचे. मला दोन्ही सारखंच झोंबायचं. मूल आम्हाला झालं नाही. कुत्री होती.

ती वखारीतच जन्मली, पेट्यांच्या ढिगाखाली. बाकीची पिल्लं मेली, ही राहिली. पिवळसर, एक कान उभा, एक पडलेला. तिचं नाव ठेवायचं राहून गेलं. बायको मला ‘अहो’ म्हणायची आणि तिला ‘अगं’. ‘अगं’ म्हटलं की ती यायची. परक्याच्या हातचं खायची नाही. तेवढं एक मी तिला मारून शिकवलं होतं, कारण वखारीत चोऱ्या करणारे आधी कुत्र्यालाच काहीतरी घालतात.

साहेबांशी ओळख झाली तीही हिच्यामुळेच. आमचं क्वार्टर ओळीतलं शेवटचं, त्यानंतर मेंदीचं कुंपण आणि पलीकडे अधिकाऱ्यांचे बंगले सुरू. एका सकाळी कुत्रीने टिटवीचं पिल्लू तोंडात धरून आणलं आणि नेमकं कुंपणाशी टाकलं. पलीकडून साहेब ओरडले.

“तुमचं जनावर आवरा! वर्षभर त्या घरट्यावर लक्ष ठेवून होतो मी.”

“वर्षभर अंडं उबवतात होय टिटव्या?” मी म्हटलं.

ते हसले. मूळचे इंदूरचे, बोलणं मऊ, हातात कायम चहाचा कप. गळ्यात दुर्बीण. ती त्यांनी मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी इंजिनियरकडून घेतलेली होती. काळी, जड, कातडी पट्ट्याची. त्यांनी ती कुंपणावरून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “त्या विजेच्या तारेवर बघा.” मी बघितलं. एक साधा नीळपंख बसलेला होता, आमच्याकडे ज्याला सगळे नीलकंठ म्हणतात. तो मी हजारदा बघितला असेल. पण दुर्बिणीत त्याच्या छातीवरचा तपकिरी रंग, चोचीत धरलेला किडा, किड्याचे हलणारे पाय दिसले. माझं वय तेव्हा अडतीस होतं. अडतीस वर्षं मी आंधळा होतो असं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, ही वस्तू माझी पाहिजे.

मला एखादी वस्तू पाहिजे झाली की मी ती मिळवतो. त्यासाठी थांबतो. त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी आम्ही तलावाच्या बांधावर जायचो. टाउनशिपच्या मागे, कुंपणाच्या तारेपलीकडे लहानसा तलाव होता, पाणी पिण्याजोगं नव्हतं पण पक्ष्यांना चालायचं. ते मराठी नाव सांगायचे, मला बाजारातलं हिंदी नाव ठाऊक असायचं. हळद्या म्हणजे पीलक, चक्रवाक म्हणजे सुरखाब. यावरून भांडायचो. दुर्बीण दहा मिनिटं त्यांच्याकडे, दोन मिनिटं माझ्याकडे. मी दोनची तीन करून घ्यायला बघायचो आणि ते मनगटावरचं घड्याळ दाखवायचे. “शेठ, हा तुमचा लिलाव नाही.” कुत्रीला घरी ठेवून जायचो, कारण ती पाण्यात शिरून बदकं उडवायची. वखारीत भरलेल्या गाडीवरच्या पेट्या बांधायला जी गाठ मारतो, तीच मारून तिला व्हरांड्याच्या खांबाला बांधायचो. ती गाठ ओढ बसेल तशी आवळते. सोडायची युक्ती मला आणि माझ्या दोन हमालांना ठाऊक होती, घरात कोणाला नाही.

मग आणीबाणी आली. टाउनशिपमध्ये काय झालं, तर आधी सगळं चांगलं झालं. साहेबलोक दहाच्या ठोक्याला टेबलावर. मेंदीची कुंपणं एका उंचीची. गायी हद्दीबाहेर, कोंबड्या हद्दीबाहेर. भिंतींवर शिस्तीच्या पाट्या. लोक हळू बोलायला लागले. बायकोच्या शाळेत प्रत्येक शिक्षिकेला नसबंदीसाठी माणसं आणण्याचा आकडा दिला गेला. ती संध्याकाळी पायपीट करून यायची आणि तशीच भात टाकायची. तिथला एक कारकून मला म्हणाला, “शेठ, तुमचंच नाव लिहू का? तुम्हाला तसंही काय फरक पडतो?” मी त्याची कॉलर धरली. बायकोने दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्या कारकुनाची माफी मागितली. माझ्या वतीने. पोलीस कोणालाही उचलत होते तेव्हा.

दुसऱ्या हिवाळ्यात बातमी आली की दिल्लीहून कोणीतरी फार मोठं कारखाना बघायला येणार. रस्त्यांना चुना, झाडांना गेरू. आणि एक जुना नियम, जो कोणी कधी पाळला नव्हता, तो बाहेर निघाला. एका क्वार्टरला एकच कुत्रं. क्वार्टर ज्याच्या नावावर, त्याच्या सहीने अर्ज. रजिस्टरात नोंद झाली की कारखान्यातून पितळी बिल्ला मिळणार, कामगारांना हजेरीसाठी मिळतो तसाच गोल, त्यावर क्वार्टरचा नंबर ठोकलेला. बिल्ला नसलेलं जनावर मोकाट समजलं जाईल. मोकाट जनावरांचं काय होईल ते नोटिशीत लिहिलं नव्हतं, पण मालगुदामात कुचल्याचे डबे आलेत हे पेट्यांच्या लिलावाला जाणाऱ्या माझ्यासारख्याला कळलंच होतं. कुचला म्हणजे विष. गुळात कालवून देतात.

साहेबांकडे दोन कुत्री होती. एक अल्सेशियन आणि एक ते पामेरियन. अल्सेशियनचा अर्ज त्यांनी आधीच भरला होता, बंगल्याला शोभतो म्हणून. पामेरियन त्यांच्या पत्नीचं होतं. त्या आजारी असायच्या, फार चालायच्या नाहीत, दिवसभर ते पांढरं गाठोडं मांडीवर.

एका दुपारी साहेब वखारीत आले. पहिल्यांदाच. भुशातून बूट वाचवत.

“शेठ, तुमच्या क्वार्टरची जागा रिकामी आहे,” ते म्हणाले.

“रिकामी कशी? कुत्री आहे ना माझी.”

“अहो, ती गावठी. तिला टाउनशिपची काय गरज? ती इथे वखारीत राहिली तरी चालेल. आमच्या हिच्या पिल्लाचा अर्ज तुमच्या क्वार्टरवर टाकू. फक्त कागदावर. पाहुणे येऊन गेले की हे सगळं संपेल.”

“वखारीत राहायची सवय मोडली तिची. घरी पळून येते.”

“मी टाउनशिपच्या समितीत आहे. मोकाट जनावरांची गाडी कोणत्या दिवशी निघायची ते आमच्या सहीने ठरतं. आदल्या संध्याकाळी तुम्हाला सांगेन. तुम्ही तिला एक दिवस इथे कोंडून ठेवा. झालं.”

मी काही बोललो नाही. न बोलणं हा माझा धंद्यातला सगळ्यात जुना डाव. समोरचा स्वतःच भाव वाढवतो.

“महिनाभर दुर्बीण ठेवा तुमच्याकडे,” ते म्हणाले.

“महिनाभर नाही. कायमची.”

त्यांचा हात छातीवर गेला, दुर्बिणीवर. ती त्यांच्या गळ्यात होती. मला तेव्हाच कळलं की ती घालून आलेत म्हणजे द्यायला आलेत. मी एका पेटीवर बसलो आणि खिळा सरळ करत राहिलो. त्यांनी पट्टा डोक्यावरून काढला, पेटीवर ठेवला आणि म्हणाले, “तुम्ही कसाई आहात, शेठ.”

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? इतका आनंद पहिल्या लिलावातही झाला नव्हता.

अडचण एकच होती, सही बायकोची लागत होती. तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. तेव्हा शाळेतल्या आकड्याचे कागद, रेशनचा अर्ज, विजेचा अर्ज असं बरंच काही रोज सहीला असायचं. मी तो अर्ज रेशनच्या अर्जाखाली ठेवला. ती पोळ्या लाटत होती. “कुठे करू?” “इथे, आणि इथे.” तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि न वाचता दोन्ही ठिकाणी केली. वाचायची गरज तिला वाटली नाही, कारण कागद नवऱ्याने आणले होते.

दुर्बीण मी वखारीत ठेवली. घरी सांगितलं, साहेबांनी उसनी दिली.

पाहुणे यायचे त्याच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी साहेब कुंपणाशी आले. मी व्हरांड्यात बसलो होतो, कुत्री माझ्या पायावर हनुवटी ठेवून. त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, “शेठ, तलावावर चक्रवाक उतरलेत. चांगले दहा-अकरा आहेत. उद्या उजाडताच जा, ऊन चढलं की उडतील.”

“तुम्ही येणार?”

“मी कसला येतो? दुर्बीण कोणाकडे आहे आता?”

ते हसले. मीही हसलो. मला वाटलं, खिलाडू माणूस आहे.

रविवारी उजाडताच निघालो. कुत्री मागे लागली. मी तिला खांबाला बांधलं, गाठ आवळली, आणि ती कुंईकुंई करायला लागली म्हणून पायाने जरा सरकवलं. लाथ नव्हती ती. जरा सरकवलं.

चक्रवाक खरोखर आले होते, हे मला आजही सगळ्यात जास्त लागतं. तलाव रिकामा असता तर मी पंधरा मिनिटांत शिव्या घालत घरी परतलो असतो आणि वेळेवर पोचलो असतो. अकरा होते. नारिंगी अंग, फिकट डोकी, पाण्यावर धुकं. मी पोटावर झोपून बघत होतो. घड्याळ दाखवायला कोणी नव्हतं. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग टाउनशिपच्या बाजूने ट्रकचा आवाज आला आणि सगळे एकदम उठले, ओरडत, पंखांवरचा पांढरा पट्टा दाखवत. मी दुर्बीण त्यांच्यामागे फिरवली. ते उडत आमच्या ओळीवरून गेले आणि दुर्बिणीत माझं घर आलं.

पिवळा ट्रक फाटकाशी उभा होता. खाकी कपड्यांतली तीन माणसं अंगणात. बायको व्हरांड्याच्या खांबाशी वाकलेली. खांबाच्या एका बाजूला कुत्री आणि दुसऱ्या बाजूला एक पांढरा ठिपका. ते पामेरियन. माझ्या व्हरांड्यात. कुंपणापलीकडे साहेब, हातात कप.

दुर्बिणीत सगळं दिसतं आणि ऐकू काही येत नाही. एक माणूस रजिस्टर उघडून बायकोपुढे धरतो. बायको बघते. ती सरळ उभी राहते आणि रजिस्टरातल्या त्या ओळीवर बोट ठेवते, जसं मुलांच्या वहीतल्या चुकीवर ठेवायची. मग साहेबांकडे वळून काहीतरी म्हणते. साहेब हलत नाहीत. दुसरा माणूस कुत्रीपुढे काहीतरी टाकतो. कुत्री हुंगून तोंड फिरवते. तिला मी शिकवलं होतं. पामेरियन मात्र त्याकडे धावतं, आणि तेव्हा साहेब हलतात. कप टाकून कुंपणावरून उडी मारतात. पन्नाशीचा माणूस. पांढरं कुत्रं उचलून छातीशी धरतात. आणि बायकोकडे बघून त्यांचे ओठ हलतात. एकदाच. थोडकंच बोलले काहीतरी.

मी धावत सुटलो. बांधावरून घर दिसतं जवळ, पण तारेला वळसा घालून यावं लागतं. पोचलो तेव्हा ट्रक पुढच्या ओळीत गेला होता.

पडलेला गोळा ती खात नव्हती म्हणून त्यांनी तिचा जबडा उघडून आत कोंबला होता. ती पळू शकली नाही. खांबाच्या भोवती जितकी ओढली तितकी गाठ आवळत गेली. कुचल्याने शरीर धनुष्यासारखं वाकतं. ती तशीच आखडून पडली होती, चारही पाय ताठ, आणि दोर अजून ताणलेला. बायको शेजारी बसली होती. तिच्या उजव्या हाताच्या दोन नखांतून रक्त येत होतं. ती गाठ सोडवत होती सगळा वेळ.

मला बघून ती म्हणाली, “ही कशी सोडायची?”

मी दोन बोटं घालून एक पिळा दिला. गाठ सुटली.

पुढचं तिने मोजक्या शब्दांत सांगितलं. मी गेल्यावर अर्ध्या तासाने साहेब पामेरियन घेऊन आले. “वहिनी, आमच्याकडे फिनेलने फरशी धुताहेत, याला तासभर ठेवता का?” तिने त्याला बशीत दूध दिलं. मग ट्रक आला. तिने सांगितलं, हा पांढरा शेजाऱ्यांचा, ही आमची. रजिस्टरवाला म्हणाला, “बहनजी, बिल्ला तो सफेद वाले पे है, नंबर भी आपका ही है.” ती म्हणाली, चूक झाली असेल. त्याने रजिस्टर उघडलं. “दस्तखत तो आपके ही हैं.” तिने सही बघितली. तिची होती. मग ती साहेबांना म्हणाली, “भाऊजी, सांगा ना यांना.”

“मग? ते काय म्हणाले?” मी विचारलं. “ओठ हलले त्यांचे. मी बघितलं.”

बायकोने माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बघितलं.

“तुमच्याकडे दुर्बीण होती ना,” ती म्हणाली. “मग दिसलं असेल.”

कुत्रीला मी वखारीमागे पुरलं. बायको आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांचं फाटक लाथेने उघडलं. ते पायरीवर आले. आत पामेरियन भुंकत होतं.

“तुम्हाला ठाऊक होतं. गाडी कधी येणार ते ठाऊक होतं.”

“शेठ, आवाज खाली. दिवस कसे आहेत कळतं ना?”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“दिवस बदलला आयत्या वेळी. मलाही सकाळीच कळलं.”

“मग उठून बांधावर यायचं होतं! हाक मारायची होती!”

तेव्हा त्यांनी ते मऊ इंदुरी बोलणं बाजूला ठेवलं. “दुर्बीण कायमची मागितलीत तेव्हा मी रडलो का? तुम्ही जागा विकलीत, मी घेतली. बायकोची सही कोणी आणली, मी?”

मी हात उचलला होता. पण खिडकीत त्यांची पत्नी उभी होती, आणि त्या दिवसांत अधिकाऱ्यावर हात टाकला असता तर आधी बायकोची नोकरी गेली असती, मग क्वार्टर. मी हात खाली घेतला.

मग मार्चात निवडणुका झाल्या आणि सरकार पडलं. बाजारात लाडू वाटले. दोन दिवसांत शिस्तीच्या पाट्या गायब, समितीतले लोक एकमेकांकडे बोट दाखवायला लागले, आणि कोणी काय खोटं लिहिलं याच्या चौकशा होणार अशी हूल उठली. साहेबांची बढती तोंडावर होती. मी थांबलो होतो, म्हटलंच आहे की मी थांबतो. भरदुपारी त्यांच्या बंगल्यावर गेलो आणि म्हटलं, “माझं कुत्रं द्या.”

“कोणतं?”

“रजिस्टरात माझ्या क्वार्टरवर पांढरं पामेरियन आहे. बिल्ल्यावर माझा नंबर आहे. की नोंद खोटी म्हणता? तसं लिहून द्या.”

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांची पत्नी खुर्चीत होती, पामेरियन मांडीवर होतं. मी पुढे होऊन उचललं. त्यांच्या पत्नीने धरून ठेवलं नाही, नुसता हात त्याच्या पाठीवरून शेपटीपर्यंत घसरत आला आणि मांडीवर पडला.

अकरा दिवस ते माझ्या व्हरांड्यात होतं, त्याच खांबाला, त्याच गाठीने. साहेबांच्या पत्नी रोज दुपारी कुंपणाशी यायच्या, भिंत धरत धरत, वाटीत दूधभात घेऊन. मी वखार सोडून दुपारी घरी येऊन बसायचो, मुद्दाम. वाटी आत येऊ दिली नाही. ते जनावर खायचं नाही, त्यांच्याकडे बघून ओरडायचं. मला बरं वाटायचं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर तितकं बरं वाटेनासं झालं, पण मी बसत राहिलो.

बाराव्या दिवशी घरी आलो तर खांबाला कापलेला दोर होता. बायकोने विळीने कापला होता. पामेरियन पलीकडे गेलं होतं. बिल्ला तिने काढून घेतला आणि कुत्रीचा दोर अडकवायचो त्या खिळ्याला टांगला. “हा आपला,” म्हणाली. “नंबर आपला, सही माझी.” क्वार्टर सोडेपर्यंत तो तिथेच होता. येता-जाता माझ्या खांद्याला लागायचा.

आम्ही कधी त्यावर पुन्हा बोललो नाही. ती स्वयंपाक करायची, मी जेवायचो. कागदांवर सही मागितली की ती शेवटपर्यंत वाचायची, चष्मा लावून, प्रत्येक ओळ. विजेचं साधं बिलसुद्धा.

ती निवृत्त झाली आणि क्वार्टर सोडायचा दिवस आला. मी खिळे काढत होतो, ती भांडी बांधत होती. बिल्ला हातात घेऊन ती आपणहून म्हणाली, “त्या सकाळी साहेब काय म्हणाले ते तुम्हाला सांगितलं नाही मी.”

मी हातोडी खाली ठेवली.

“ते म्हणाले, ‘वहिनी, आत जा. बघू नका.’”

बस. एवढंच. इतकी वर्षं मला वाटत होतं, माणूस भित्रा असेल पण निदान तोंडातल्या तोंडात काही म्हणाला असेल, हिला सोडा, ही यांचीच आहे, असं काही. तेवढ्यावर मी त्यांना थोडं सोडून दिलं होतं. त्यानंतर सोडलं नाही. बायकोला जाऊन आता सहा वर्षं झाली. बिल्ला माझ्यासमोर टेबलावर आहे, टेबल पेटीच्या लाकडाचं.

आता साहेब, तुम्ही कोलार रोडला मुलाच्या फ्लॅटमध्ये असता, अंक तुमच्या घरी येतो, म्हणजे हे तुम्ही वाचणार. मी काय केलं ते सगळं वर लिहिलं आहे. सही मी चोरली, गाठ मी मारली, तुमच्या आजारी पत्नीच्या मांडीवरून जनावर मी उचललं. त्याचं उत्तर माझ्याकडे कोणीही मागावं, मी भर सभेत उभा राहून देईन.

तुम्ही माझ्या एका गोष्टीचं द्या. पामेरियन त्या सकाळी माझ्या व्हरांड्यात आणून ठेवलंत, म्हणजे ट्रक येणार हे ठाऊक होतं, आणि त्याचा दिवस तर तुमच्याच समितीच्या सहीने ठरायचा. मग आदल्या संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून, माझ्या पायावर झोपलेल्या त्या कुत्रीकडे बघून, तुम्ही मला चक्रवाकांचं का सांगितलंत? मी घरी असतो तर तापून खरं बोललो असतो, ही भीती? की ती जिवंत होती तोवर कोणीही मोजलं असतं तर माझ्या दारात दोन कुत्री निघाली असती आणि तुमची बढती अडली असती, म्हणून? मला दोन्ही कारणं चालतील. पण कारण सांगा.

वसंतपंचमीच्या संमेलनात तुम्ही पक्ष्यांवर बोलणार आहात असं पत्रिकेत छापलं आहे. मी पहिल्या रांगेत बसेन, दुर्बीण गळ्यात घालून. या वेळी जवळ असेन, ऐकूही येईल. हळद्याचं नंतर सांगा. आधी उभं राहून लोकांसमोर सांगा की त्या सकाळी कुंपणावरून उडी मारायला तुम्हाला जमलं, मग ‘ही यांचीच आहे’ एवढं म्हणायला का जमलं नाही?